हिटलर युथ वर्गात कसं शिकवावं

नाझीवादाच्या धड्यात हिटलर युथ, म्हणजे नाझी पक्षाची मुलामुलींची संघटना, बहुतेकदा एका परिच्छेदात उरकलं जातं. मुलांना गणवेश दिले, कवायत करून घेतली, डोक्यात विष भरलं, चला पुढचा मुद्दा. वही भरते, पण नववीतल्या मुलाच्या मनात एक समजूत पक्की बसते: ती मुलं वेडी होती, मी तसा वागलो नसतो. ही समजूत तशीच राहिली तर धडा वाया गेला असं खुशाल समजा. दहा वर्षांच्या साध्या, हुशार, घरच्यांच्या लाडक्या मुलाला तिथे मनापासून जावंसं वाटत होतं, आणि तो आत गेल्यावर बाहेर पडायचे रस्ते एकेक करून बुजवले गेले, हे मुलांपर्यंत पोचायला हवं.

खालची आखणी चाळीस मिनिटांच्या चार तासिकांची आहे, नववी ते अकरावीसाठी. दोनच तासिका मिळत असतील तर पहिली आणि चौथी घ्या.

तयारी

दर गटाला एक चार्टपेपर, दोन रंगांची मार्कर पेनं, आलेखाचा एक कागद आणि पाच-सहा छायाचित्रांच्या प्रिंट. गट चार-पाच जणांचे. त्याहून मोठा गट केला की दोघं बोलतात आणि बाकीचे खिडकीबाहेर बघतात.

छायाचित्रं जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराच्या किंवा वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट मेमोरियल म्युझियमच्या संकेतस्थळावरून घ्या, तिथे तारीख आणि ठिकाण दिलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चित्रांखालच्या ओळींवर विसंबू नका. बर्लिनमध्ये चान्सलरीच्या बागेत हिटलर पोरांच्या रांगेपुढून जातो, एकाच्या गालाला हात लावतो, ती प्रसिद्ध फिल्म सगळीकडे '२० एप्रिल १९४५, हिटलरचा शेवटचा वाढदिवस' म्हणून दाखवली जाते. ती २० मार्चची आहे.

नाझी पक्षाच्या न्यूरेंबर्गच्या मेळाव्यांची फिल्म दाखवायचीच असेल तर दोन मिनिटं दाखवा आणि पहिल्यांदा आवाज बंद ठेवा. या फिल्म पोरांना भुरळ घालायला बनवल्या होत्या आणि ती भुरळ अजून उतरलेली नाही. दहा मिनिटं चालू ठेवलीत तर मागच्या बाकावर बोटांनी ताल धरलेला दिसेल. आवाज बंद असताना मुलांना विचारा: कॅमेरा कुठून बघतोय, वरून की खालून? जवळून कोणाचा चेहरा दिसतो? आईवडील कुठे दिसतात का? मग तीच दोन मिनिटं आवाजासह लावा. संगीत काय करतं हे मुलं आपणहून सांगतात.

एक गोष्ट अजिबात करू नका: 'हिटलर युथमधला एक दिवस' असं नाट्यीकरण. गणवेश नको, सलाम नको, घोषणा नकोत. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या कबर्ली हायस्कूलमध्ये रॉन जोन्स नावाच्या इतिहास शिक्षकाने असाच प्रयोग केला. ताठ बसायचा नियम, एक खास सलाम, सदस्यत्वाची कार्डं, इतकंच. चार दिवसांत मुलं एकमेकांच्या चुगल्या सांगू लागली आणि पाचव्या दिवशी त्याला सगळं थांबवावं लागलं. नाटक करणाऱ्या मुलाला त्यातली मजा लक्षात राहते, त्यामागची यंत्रणा दिसत नाही.

आणखी एक. आपल्या वर्गात स्वस्तिकाचा प्रश्न येणारच. तो पहिल्याच दिवशी दोन वाक्यांत मिटवा: उंबऱ्यावरचं आपलं चिन्ह हजारो वर्षांचं आहे, नाझी पक्षाने १९२० मध्ये लाल झेंड्यावर पांढऱ्या वर्तुळात काळं, तिरकं करून जे लावलं त्याचा आपल्या पूजेशी संबंध नाही. यावर तासिका घालवू नका.

पहिली तासिका: एक आठवडा

जर्मनीचं नावही न काढता सुरुवात करा. प्रत्येक मुलाने आपला आठवडा कागदावर मांडायचा: शाळा, क्लास, मैदान, मोबाइल, आजीकडे जाणं, नुसतं लोळणं. पाच मिनिटं पुरतात. मग मोकळ्या वेळाभोवती हिरवी रेघ ओढायची.

आता १९३५ च्या सुमाराच्या जर्मन मुलाचा आठवडा फळ्यावर मांडा. बुधवारी संध्याकाळी गटाची बैठक: गाणी, गोष्टी, रेडिओवर मुलांसाठीचा कार्यक्रम. शनिवारी कवायत, खेळ, नकाशावाचन, रानात शोधाशोध. रविवारी संचलन किंवा सहल. मधल्या दिवसांत डबे घेऊन 'हिवाळी मदतनिधी' गोळा करत दारोदार. सुट्टीत छावणी. मुलांना लाल मार्करने ही कामं स्वतःच्या तक्त्यावर चढवायला सांगा आणि हिरव्यातलं काय उरलं ते मोजायला लावा. आजीकडे जाणं पहिल्याच फटक्यात पुसलं जातं. चर्चचा रविवारही जातो, आणि तो जावा हा हेतूच होता.

इथे वर्ग म्हणेल, 'बिचारी मुलं!' तिथेच थांबवा. यातलं तुम्हाला काय आवडलं असतं, ते विचारा. तंबू, शेकोटी, सायकली, रात्रीची चाल. मोठ्या मुलांसाठी मोटारसायकल, ग्लायडर आणि नौकांची वेगळी पथकं. १९३२ मध्ये जर्मनीत सुमारे ६० लाख लोक बेकार होते. ज्या घरातून पोराला कधी गावाबाहेर नेणं परवडलं नव्हतं, त्या घरातल्या पोराला हे मिळत होतं. मुलींचा मुद्दा स्वतंत्र घ्या, तो नेहमी राहून जातो. मुलींच्या शाखेचा अंतिम हेतू त्यांना निरोगी माता बनवणं हाच होता, पण घरकामातून सुटून मैत्रिणींबरोबर बाहेर राहायला मिळणं ही त्या काळच्या अनेक मुलींना मोठी मोकळीक वाटली.

आणि हे सगळं नाझींनी शोधून काढलं नव्हतं. १९०१ मध्ये बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्समध्ये 'वांडरफोगेल' म्हणजे भटके पक्षी ही मुलांची चळवळ सुरू झाली होती: मोठ्यांविना पायी भटकणं, गिटारवर लोकगीतं, शेकोट्या. हिटलर युथने ही तयार आवड उचलली, तिच्यातली मोकळीक काढून टाकली आणि वर गणवेश चढवला. 'तरुणांचं नेतृत्व तरुणांनीच करावं' हे घोषवाक्यही याच वातावरणातलं. नाझी राजवटीत त्याचा अर्थ झाला की तेरा-चौदा वर्षांचा मुलगा दहा वर्षांच्या दहा मुलांवर हुकूम चालवणार, आणि त्याच्यावरची साखळी थेट पक्षात जाणार. या युवक विभागाचा प्रमुख बाल्डुर फॉन शिराख १९३३ मध्ये स्वतः २६ वर्षांचा होता.

दुसरी तासिका: आलेख

प्रत्येक गटाला हे ढोबळ आकडे द्या. हिटलर युथची सदस्यसंख्या: १९३२ अखेर १ लाख, १९३३ अखेर २३ लाख, १९३४ अखेर ३६ लाख, १९३६ अखेर ५४ लाख, १९३९ च्या सुरुवातीला ७३ लाख. आलेख काढून झाल्यावर त्यावर दोन उभ्या रेघा मारायला सांगा: १ डिसेंबर १९३६ (हिटलर युथचा कायदा) आणि २५ मार्च १९३९ (दहा ते अठरा वयाच्या सगळ्यांना सेवा सक्तीची करणारा आदेश). त्या आदेशानुसार मुलाची नोंदणी न करणाऱ्या पालकाला १५० मार्कपर्यंत दंड किंवा अटक होती, आणि मुद्दाम अडवणाऱ्याला तुरुंग.

आता गंमत दिसते. कायद्याची सक्ती यायच्या आधीच पन्नास लाखांवर मुलं आत आलेली आहेत. इथे वर्ग हमखास एका टोकाला जातो: 'म्हणजे सगळे खुशीने गेले!' मग १९३२ ते १९३३ मधली उडी बोटाने दाखवा आणि विचारा, एका वर्षात तेवीसपट कशी?

उत्तर असं की बाकीची दारं बंद झाली. एप्रिल १९३३ मध्ये शिराखच्या माणसांनी जर्मन युवक संघटनांच्या राष्ट्रीय समितीचं कार्यालय ताब्यात घेतलं. समाजवादी आणि कम्युनिस्ट युवक संघटना बंद पडल्या, स्काउट गट मोडले गेले, डिसेंबर १९३३ च्या करारानंतर प्रोटेस्टंट चर्चच्या युवक संघटना हिटलर युथमध्ये विलीन झाल्या. कॅथलिक गटांना पोपबरोबरच्या जुलै १९३३ च्या कराराने थोडं संरक्षण होतं. त्यांच्यावर आधी खेळ आणि गणवेशाची बंदी आली, मग १९३९ पर्यंत तेही संपले. ज्याला फुटबॉल खेळायचाय, सहलीला जायचंय, त्याला एकच दार उरलं.

शनिवारची युक्ती जरा थांबून समजावा. १९३४ मध्ये 'राज्य युवा दिन' आला: लहान गटातल्या सदस्य मुलांना शनिवारी शाळेतून सुट्टी आणि बाहेर कार्यक्रम, सदस्य नसलेल्यांना मात्र वर्गात बसून नाझी विचारांचे धडे. समजा वर्गात चाळीस मुलं आहेत आणि शनिवारी तिघंच बाकांवर उरली आहेत. बाहेरून गाण्यांचा आवाज येतोय. कोणी मारलं नाही, धमकावलं नाही. त्या तिघांपैकी एक जण घरी जाऊन बापाकडे हट्ट धरेल की नाही, हे वर्गालाच ठरवू द्या. बाप सरकारी नोकर असेल तर त्याच्यावरचा दबाव वेगळाच.

तिसरी तासिका: आतले सुटे भाग

हा भाग नीट सांगितला तर पुस्तकातल्या चार ओळी जिवंत होतात. फळ्यावर चार वयोगट लिहा: १० ते १४ मुलगे 'युंगफोल्क', १४ ते १८ मुलगे खुद्द 'हिटलर युथ', १० ते १४ मुली 'युंगमेडेल', १४ ते १८ मुली 'बीडीएम' (जर्मन मुलींचा संघ). सर्वांत लहान गट सुमारे दहा जणांचा, असे तीन-चार मिळून एक तुकडी, मग दीडशे, मग सहाशे, वर हजारो. प्रवेश २० एप्रिलला, हिटलरच्या वाढदिवशी. शपथ देशाची किंवा घटनेची नव्हती, हिटलर या माणसाशी निष्ठेची होती.

नव्या मुलाची चाचणी: ६० मीटर १२ सेकंदांत धावणे, २.७५ मीटर लांब उडी, २५ मीटर चेंडूफेक, दीड दिवसाची पायपीट, पक्षाचं गीत आणि घोषवाक्य तोंडपाठ. हे आकडे वर्गाला 'किती कडक!' वाटतात. पीटीच्या सरांकडून पाचवीच्या मुलांच्या शर्यतींच्या वेळा मागवून ठेवा आणि शेजारी मांडा. निरोगी दहा वर्षांच्या मुलाला थोड्या सरावाने जमेल इतकीच ती चाचणी होती. जवळजवळ सगळे पास व्हावेत आणि तरीही प्रत्येकाला आपण निवडले गेलो असं वाटावं, म्हणून ती बेतलेली. पास झालं की कमरेला खरा सुरा. जो अपंग आहे, दमेकरी आहे, त्याला मात्र आपण कमी आहोत हे दहाव्या वर्षीच सगळ्यांसमोर कळायचं.

घराचं काय होतं ते पुढे घ्या. गटप्रमुख बोलावतोय म्हटल्यावर शिक्षकाला गृहपाठाबद्दल रागावता येत नव्हतं, बापाला थांबवता येत नव्हतं. पोराच्या हातात आलेला हा छोटासा अधिकार फार जालीम ठरला. जेवताना राजवटीवर काही बोलायचं तर पोराकडे बघून बोलायची वेळ आली. घराघरांत रोज चुगल्या होत होत्या असं मात्र सांगू नका; तशा घटना घडल्या, पण भीतीला रोजच्या घटनेची गरज नसते.

शेवटची दहा मिनिटं एका भाषणाला द्या. २ डिसेंबर १९३८ रोजी रायशेनबर्ग इथे हिटलर उघडपणे सांगतो: मुलगा दहाव्या वर्षी युंगफोल्कमध्ये येतो, चार वर्षांनी हिटलर युथमध्ये, तिथून पक्षात, कामगार आघाडीत किंवा एसए-एसएस या पक्षाच्या गणवेशधारी दलांमध्ये, मग श्रमसेवेत, मग सैन्यात, आणि सैन्यातून परतला की पुन्हा आमच्याकडे, ही मुलं आयुष्यभर मोकळी होणार नाहीत. त्याची शिडी फळ्यावर काढा आणि प्रत्येक पायरीपाशी विचारा: इथून उतरता येतं का, आणि उतरलं तर नोकरीचं काय? लपवाछपवी नव्हती. सभेत सांगितलं होतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

चौथी तासिका: १९२६ साली जन्मलेली दोन मुलं

चार्टपेपरवर दोन स्तंभ करा. डावीकडे १९२६ मध्ये जन्मलेला जर्मन मुलगा, उजवीकडे त्याच वर्षी जन्मलेली जर्मन ज्यू मुलगी. नावं देऊ नका, गोष्ट रचू नका, फक्त वर्षं आणि वय.

१९३३, वय ७: हिटलर सत्तेवर. १९३६, वय १०: नाझींनी हे 'युंगफोल्कचं वर्ष' जाहीर केलं, १९२६ मध्ये जन्मलेली सगळी मुलं हिटलरला वाढदिवसाची भेट म्हणून भरती करायची मोहीम निघाली, डावीकडचा मुलगा आत जातो. उजवीकडे रिकामी चौकट, कारण ज्यू मुलांना प्रवेशच नाही. नोव्हेंबर १९३८, वय १२: तो गणवेशात, तिला जर्मन शाळेतून काढलं. सप्टेंबर १९४१, वय १५: तो मोठ्या गटात, तिच्या कपड्यांवर पिवळा तारा सक्तीचा. ऑक्टोबर १९४१ पासून जर्मनीतून ज्यूंना पूर्वेकडे पाठवणाऱ्या गाड्या नियमित सुरू झाल्या. उजवा स्तंभ बहुतेकांच्या बाबतीत इथून पुढे रिकामा राहतो. तो रिकामाच दिसू द्या, घाईने बोलून भरू नका.

डावा स्तंभ चालू. फेब्रुवारी १९४३: १९२६ आणि १९२७ मध्ये जन्मलेले शाळकरी मुलगे विमानविरोधी तोफांवर नेमले गेले, शिक्षक तोफांच्या ठाण्यावर येऊन शिकवायचे. त्याच वर्षी मुख्यतः १९२६ मध्ये जन्मलेल्या मुलांतून एसएसची बारावी पँझर (रणगाडा) डिव्हिजन उभी राहिली, नावच 'हिटलरयुगेंड'. तिथे अठराच्या आतल्यांना शिध्यात सिगारेटऐवजी गोळ्या-चॉकलेट मिळायची. जून १९४४ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीत कां (Caen) शहराभोवती ही मुलं लढली, हजारोंनी मेली किंवा जायबंदी झाली. याच डिव्हिजनच्या सैनिकांनी आर्देनच्या मठात शरण आलेल्या कॅनेडियन सैनिकांना गोळ्या घातल्या. दोन्ही गोष्टी सांगा. फक्त पहिली सांगितली तर ती नुसती बिचारी ठरतात, फक्त दुसरी सांगितली तर नुसते राक्षस, आणि मग मुलांना विचार करायला काही उरत नाही.

तरीही काही जण निसटले. कोलोन आणि ऱ्हाइन-रूर भागातले 'एडेलवाइस पायरेट्स', बहुतेक कामगारांची पोरं, स्वतःच्या सहली काढायचे आणि हिटलर युथच्या गस्तीपथकांशी मारामाऱ्या करायचे. १० नोव्हेंबर १९४४ रोजी कोलोनच्या एरेनफेल्डमध्ये खटल्याविना तेरा जणांना फाशी दिली, त्यात सोळा वर्षांचा बार्थोलोमेउस शिंक होता. हॅम्बर्गचा हेल्मुट ह्यूबनर बीबीसी ऐकून पत्रकं लिहायचा. १७ व्या वर्षी, ऑक्टोबर १९४२ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. नाझीविरोधी पत्रकं वाटणाऱ्या म्युनिकच्या हान्स आणि सोफी शोल या भावाबहिणीचा शिरच्छेद फेब्रुवारी १९४३ मध्ये झाला. शोल भावंडांबद्दल एक गोष्ट गाळू नका: दोघंही आधी उत्साहाने या संघटनेत होती, हान्स तर गटप्रमुख होता. त्यांना बाहेर कशाने आणलं, हा प्रश्न मुलांना घरी न्यायला द्या. हे सगळे मिळूनही फार थोडे होते हे स्पष्ट सांगा, नाहीतर तासिका शूरकथेवर संपते आणि वर्ग समजतो की अर्धा जर्मनी विरोधात होता.

वर्गातून येणारे प्रश्न

'पण हिटलरने शिस्त तर लावली ना?' आपल्याकडे घराघरांत बोललं जाणारं वाक्य आहे, त्यामुळे मुलगा ते आणणारच. रागावू नका. त्याला चार्टपेपरपाशी न्या आणि विचारा, या शिस्तीचा उपयोग कोणाला झाला, डाव्या स्तंभाला की उजव्या?

'मग आमचं स्काउट, एनसीसी, आरएसपी पण तसंच का?' हा प्रश्न चांगला आहे, उडवून लावू नका. गणवेश, कवायत आणि गाणी सगळीकडे असतात. त्यावरून काही ठरत नाही. मुलांना हे तपासायला द्या: सोडून गेलं तर काय होतं? दुसरी संघटना चालते का? पालकाला नाही म्हणता येतं का? जन्मामुळे कोणाला बाहेर ठेवलंय का? निष्ठा कायद्याशी की एका माणसाशी? घरातलं बोलणं बाहेर सांगायला शिकवतात का? आजच्या कुठल्या संघटनेचं नाव निघालं तर निकाल तुम्ही देऊ नका. हेच प्रश्न त्यांना लावू द्या, पुराव्यासह.

'फक्त जर्मनीतच झालं का?' इटलीत १९२६ मध्ये 'बालिल्ला' संघटना निघाली, म्हणजे मुसोलिनीने हे आधी केलं. सोव्हिएत संघात १९२२ पासून लाल स्कार्फचे पायोनियर, मोठ्या मुलांसाठी कोमसोमोल. तिथे १९३२ मध्ये मारल्या गेलेल्या पावलिक मोरोझोवला बापाविरुद्ध बोलणारा वीर म्हणून मुलांपुढे ठेवलं, आणि त्याच्या कथेतला बराच भाग रचलेला असल्याचं नंतरच्या संशोधनात दिसलं. तुलना करताना 'सगळं सारखंच' म्हणू नका. पायोनियरमध्ये वंशावरून प्रवेश नाकारत नव्हते. उलट पायोनियर पुढे साठ-सत्तर वर्षं चालले आणि अनेकांच्या आठवणीत ती साधी शाळेची सहल म्हणून उरली. वरचेच प्रश्न तिथे लावले की फरक आपोआप पुढे येतो.

परीक्षेत काय विचारावं

'हिटलर युथवर टीप लिहा' विचारलंत तर पाठ केलेलं उत्तर येईल. त्याऐवजी आलेख छापा आणि विचारा: १९३३ मधली वाढ आणि १९३९ मधली वाढ यांची कारणं कशी वेगळी आहेत? पाच गुण ठेवा. बंद झालेल्या संघटनांना दोन, सक्तीच्या आदेशाला एक, आकर्षणाच्या एका खऱ्या कारणाला एक, आणि शेवटचा गुण खुशी आणि सक्ती एकाच वेळी कशी चालली हे स्वतःच्या शब्दांत मांडणाऱ्याला. ज्याने नुसतं 'डोक्यात विष भरलं' लिहिलंय त्याला शून्य देऊ नका, पण उत्तरपत्रिकेच्या कडेला लिहा: कसं भरलं?